सारखं म्हंजी सारखं

आदिनाथनं खुरप्याचं पातं भिंतीवर असं काही रेटलं, की जुन्या चुन्याबरोबर गिलाव्याचा तळहाताएवढा टवका निघून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला. त्यानं एक कचकचीत शिवी हासडली. शिवी टवक्याला होती, पण दिली होती ती भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जावी अशी. तिकडं त्याचा थोरला भाऊ आप्पासाहेब सावलीत खुर्ची टाकून बसला होता आणि रोजंदारीवर आणलेली दोन माणसं लाकडी घोडीवर चढून त्याची बाजू घासत होती. आप्पासाहेबानं मान वळवली नाही. ह्या न वळवलेल्या मानेचाच आदिनाथला जास्त राग यायचा.

घोडेगावच्या रस्त्यावरून आत वळलं की पहिली वस्ती ह्यांची. बापानं बांधलेलं लांबलचक घर, तोंड रस्त्याकडं. बाप गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा घराचेही तुकडे पडले. थोरला म्हणून ओटा, मोठं दार आणि पुढच्या दोन खोल्या आप्पासाहेबाला. कडेची एक खोली आदिनाथला. त्यानं बाजूनं आपलं वेगळं दार फोडलं. आतून विटांची भिंत उभी राहिली. पण रस्त्याकडची भिंत काही कुणाला तोडता आली नाही. ती बापानं उभी केली तशी सलग राहिली, दोन हिस्से आप्पासाहेबाचे, एक आदिनाथचा. थोरल्याची बाजू गुलाबी, धाकट्याची चुन्याची पांढरी. मोटारसायकलवरून जाणारा परका माणूससुद्धा ओळखायचा, की हे घर फुटलंय.

आणि नेमकं तेच आता कुणाला कळायला नको होतं. आप्पासाहेबाच्या रोहिणीला राहुरीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, स्वतःचं खताचं दुकान, घरी बागाईत. मुलाच्या बापाची अट एकच: घर एकत्र पाहिजे. ज्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही तिथली मुलगी आमच्यात नको. मध्यस्थी होती रामहरी मामांची. मामा म्हणजे ह्या दोघांच्या आईचे सख्खे भाऊ. त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगून टाकलं होतं, की घर एक, चूल एक, भावाभावांत सुईचं अंतर नाही. पाहुणे रविवारी यायचे होते.

"रविवारच्या आत भिंत एका रंगाची झाली पायजे," मामा म्हणाले होते. "आप्पा सगळी रंगवून घेईल. तू फकस्त गप बस."

"गप का म्हून बसू?" आदिनाथ उसळला होता. "दादाच्या बादलीतला रंग माझ्या भितीला लागला, तर जलमभर ऐकवल, की ह्याचं घर मी रंगवलं. माझा रंग मी आननार. माझ्या बादलीत मी कालवनार. अन् त्येबी रोहिणीसाठी. दादासाठी एक फटकारा मारनार न्हाई."

"कुनासाठीबी मार, पन मार," मामा म्हणाले होते.

म्हणून तो मारत होता. रंगाच्या आधी खरवडणं आलं. दुपारचं ऊन भिंतीवर आपटून परत अंगावर येत होतं. चुन्याची भुकटी घामात भिजून मानेच्या वळ्यांत बसली होती, डोळ्यांत जाऊन चरचरत होती, आणि चुन्यानं फाटलेल्या बोटांना खुरप्याचा दांडा सोलून काढत होता. 

एवढ्यात त्याची बायको धनश्री वरच्या माळावरून आली. साडीवर त्याचाच जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. तिनं ओच्यातून मूठभर पानं काढून त्याच्या पायापाशी टाकली. मोसंबीची पानं, विडी वळावी तशी वळलेली.

"वरच्या आंगाची झाडं बघून या. समदी अशीच झाल्यात. फळं धरली हुती ती पटापटा गळायलीत."

"पान्याची पाळी सोमवारी हाय आपली."

"सोमवारी. अन् तवर?"

"तवर काय मुतू का झाडांवर?"

रोजंदारीवाल्यांपैकी एक फसकन हसला. धनश्रीचे कान लाल झाले. नवऱ्याच्या हातातलं खुरपं तिनं हिसकावून घेतलं आणि स्वतःच भिंत खरवडायला लागली, इतक्या जोरानं की आदिनाथ दोन पावलं मागं सरला.

पाण्याचं दुखणं असं होतं. वाटणीत विहिरीलगतची दोन एकर काळी आप्पासाहेबाला गेली आणि वरचं चार एकर माळरान आदिनाथला. किमतीनं दोन्ही सारखं, असं मामांनी ठरवलं आणि ते कुणी नाकारलं नाही. विहीर सामाईक राहिली. मामांनी विचारलं, "आता पान्याचं बोला." आदिनाथच्या मनात तेव्हा एकच भीती, की थोरला आहे, थोरलेपणानं जास्तीचं पाणी लाटणार. त्यानं सगळ्यांच्या देखत जमिनीवर थाप मारली. "सारखं! तीन दिवस दादाला, तीन दिवस मला, सातवा दिवस इहिरीला. सारखं म्हंजी सारखं. एक तास कमी न्हाई, एक तास जास्त न्हाई!" आप्पासाहेबानं खाली बघून मिशीतल्या मिशीत हसून म्हटलं होतं, "तुझं म्हननं मला कबूल."

त्या दिवशी आदिनाथ मैदान मारल्यासारखा घरी आला होता. तेव्हा माळावर पावसाच्या भरवशावरची बाजरी होती, पाणी लागतंय कुणाला! पुढं त्यानं माळ फोडला, खड्डे घेतले, गाळ टाकला, चारही एकरांत मोसंबी लावली. बायकोनं डोक्यावरून पाणी घालून ती जगवली. आता झाडं फळाला आली, आणि उन्हाळ्यात तीन दिवसांत चार एकर भिजेना. विहिरीवरून एक नळ खाली उसाला जायचा, एक वर बागेला. पहिल्या अंगाची झाडं प्यायची, वरच्या अंगापर्यंत जाईतो पाळी संपायची. खाली आप्पासाहेबाचा दोन एकर ऊस त्याच तीन दिवसांत पिऊन तट्ट व्हायचा आणि उरलेलं पाणी बांध फोडून रस्त्यावर यायचं. त्या चिखलातून मोटारसायकल घालताना आदिनाथच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण भांडायचं कशावरून? तीन तिकडं, तीन इकडं. सारखंच होतं. त्यानंच मागितलेलं होतं. मग तो उन्हावर चिडायचा, लाईटवर चिडायचा, धनश्रीवर चिडायचा.

संध्याकाळी रोहिणी आली. दोन्ही घरांत येजा करणारी तेवढी एकटी ती. चुलत्यावर तिचा लहानपणापासून जीव.

"नाना, आप्पांनी पिस्ता कलर ठरवलाय. पांढऱ्यात पिवळ्या अन् निळ्या बाटल्या टाकायच्या. आमच्या दोन बादल्या हायेत, त्यात चार बाटल्या पिवळ्या, दोन निळ्या. तुमची एकच बादली हाय ना, तवा तुमी दोन पिवळ्या अन् एक निळी..."

"थांब. दादाला चार अन् मला दोन?"

"आवो, बादली बघा ना..."

"दादाला निळ्या दोन अन् मला एक? कुनी सांगितलं हे? दादानंच ना?"

"आप्पांनीच, पन नाना, ते..."

"मंग बरोबर हाय! वाटनी आली की मला निम्मं. भितीच्या रंगातबी निम्मं!" आदिनाथचा आवाज चढला. "सांग जा तुझ्या बापाला. चार तर चार, दोन तर दोन. त्याच्यापरीस एक थेंब कमी टाकनार न्हाई. सारखं म्हंजी सारखं!"

रोहिणीनं धनश्रीकडं बघितलं. धनश्री भाकरी थापत होती. थापता थापता ती नुसतीच मान हलवत राहिली. ह्या माणसाच्या डोक्यात एकदा खुंटा रोवला गेला, की तो उपटायला बैल लागायचे.

सकाळी आदिनाथनं घोडेगावहून आणलेली पांढऱ्याची बादली फोडली आणि त्यात मोजून चार बाटल्या पिवळ्या आणि दोन निळ्या रिचवल्या. तुरकाठीनं ढवळलं. पांढऱ्यावर पिवळे-निळे वेटोळे उठले, एकमेकांत शिरले, आणि बघता बघता बादलीभर गडद हिरवं तयार झालं. त्याला वाटलं, ओला आहे म्हणून असा दिसतोय, वाळल्यावर उतरेल. मान मोडेस्तोवर हात चालवून त्यानं दुपारच्या आत आपला हिस्सा रंगवून काढला.

वाळल्यावर रंग उतरला नाही. आप्पासाहेबाची बाजू कोवळी, फिक्कट, डोळ्याला थंड. आदिनाथची बाजू हिरवीगार. मधली हद्द तर अशी दिसायला लागली, की जणू कुणी चाकूनं कापून दाखवलीय.

डेअरीला दूध घालायला निघालेल्या छगननं गाडी थांबवली, एक पाय खाली टेकवला आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"आदिनाथ, तिकडं पिस्ता अन् हिकडं पालक व्हय? पाहुन्यांना बरफी वाढनार का भाजी, त्ये तरी एक ठरवा की."

छगन निघून गेला. आदिनाथ ब्रश घेऊन तडक हद्दीपाशी गेला. वाटणीनंतर पहिल्यांदाच तो भावाच्या तोंडावर बोलला.

"कोन्ता रंग सांगितला मला?"

आप्पासाहेबानं खुर्चीतूनच विचारलं, "टाकलं किती?"

"चार अन् दोन. तुमच्याइतकंच."

"एका बादलीत?"

"मंग कितीत?"

आप्पासाहेब मांडीवर थाप मारून हसायला लागला. घोडीवरची दोन माणसंही हसली. एकाच्या हातातला रोलर हलून रंगाचे थेंब आदिनाथच्या तोंडावर उडाले. काय चुकलं ते मात्र कुणी सांगितलं नाही. हसून झाल्यावर आप्पासाहेबानं डोळे पुसले आणि माणसांना म्हणाला, "चला रं, आपलं उरका."

आदिनाथला ते हसणं जिव्हारी लागलं. तोंड न पुसताच त्यानं मोटारसायकलला किक मारली. घोडेगावात बाजार होता. म्हशींचे टेम्पो रस्त्यात आडवे, धुळीनं आभाळ भरलेलं. त्या गर्दीत वाट काढता काढता त्यानं डोकं चालवलं. दादाच्या बादल्या दोन. आपली एक. म्हणजे आपली एकानं कमी. मग बाटल्याही एकेकानंच कमी करायच्या. चारातून एक गेली, तीन पिवळ्या. दोनातून एक गेली, एक निळी. एवढं साधं होतं आणि तो हसत बसला! निम्मं घे म्हणून सांगत होता! आदिनाथ स्वतःवर खूश झाला. नवी बादली घेऊन तो आला आणि दिवस मावळायच्या आत हिरव्यावर दुसरा हात मारून मोकळाही झाला.

ह्या खेपेला भिंतीला कावीळ झाली.

धनश्री डोक्यावर घागर घेऊन विहिरीकडं निघाली होती. पाळी नव्हती, पण प्यायच्या पाण्याचं निमित्त करून ती वरच्या अंगाच्या एकेका झाडाला घागर घागर पाणी घालत होती. भिंत बघून ती जागीच थांबली. घागर तिनं दाणकन खाली ठेवली.

"काय टाकलं ह्यात?"

"तीन पिवळ्या, एक निळी. एक बादली कमी, तवा एक एक बाटली कमी."

"अवो, तुमी मानूस हाय का धोंडा?" तिचा आवाज चिरकला. "मी चार मानसांचं कालवन करती तवा मिठाच्या दोन चिमट्या टाकती. दोन मानसं कमी झाली तर किती टाकू? सांगा. तुमच्या हिशेबानं दोन मानसं कमी, मंग दोन चिमट्या कमी. म्हंजी अळनी गिळनार का तुमी?"

आदिनाथ बोटांवर हिशेब करायला लागला.

"एक चिमटी टाकती मी. मानसं निम्मी तर मीठ निम्मं. रोहिणी त्येच सांगत हुती. एका बादलीला दोन पिवळ्या अन् एक निळी, तर दोन बादल्यांना चार अन् दोन. रंग त्योच. पन 'कमी' म्हनलं की तुमच्या कानात बोळे बसत्यात!"

ती घागर उचलून तरातरा निघून गेली. आदिनाथ त्या पिवळ्या भिंतीसमोर उभा राहिला. त्याला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच जास्त संताप आला. त्यानं रिकाम्या बादलीला लाथ घातली. बादली गडगडत थेट आप्पासाहेबाच्या ओट्याखाली जाऊन थांबली.

शनिवारी रामहरी मामा आले ते भिंत बघूनच कडाडले. "ही काय थट्टा लावली तुमी दोघांनी? उद्या पाहुनं येनार, अन् भितीनंच सांगायचं का त्यांला, की मामा खोटारडा हाय?"

आप्पासाहेब ओट्यावरून खाली उतरला. काल हसत होता, आज मात्र त्याचाही तोल गेला होता. रोहिणी दारात येऊन उभी राहिली. धनश्री कोपऱ्यावरून ऐकत होती.

"मामा, मला काय इचारता? ह्याला इचारा! एवढं साधं माप कळंना ह्याला. आरं, माझी भीत दुप्पट हाय, तर मला रंग दुप्पट लागल का न्हाई? जास्त भितीला जास्त, कमी भितीला कमी! तवा कुठं दोन्हीकडं एकसारखं दिसतं. ह्यो आपला सारखं सारखं करीत बसलाय. बाटल्या सारख्या टाकून रंग सारखा येतो व्हय?"

आदिनाथ मान खाली घालून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात काहीतरी कचकन जागेवर बसलं. त्यानं हळू मान वर केली.

"दादा, पुन्यांदा म्हना."

"काय?"

"आत्ता म्हनला त्ये. मामांच्या देखत म्हना."

"जास्त भितीला जास्त. म्हनलं. मंग?"

"अन् जास्त रानाला?"

आप्पासाहेबाच्या ओठाची कड हलली.

"तुमचं रान दोन एकर," आदिनाथ म्हणाला. आवाज चढवायचीही त्याला गरज वाटली नाही, आणि त्यामुळंच तो आवाज जास्त बोचत होता. "माझं चार. पानी तीन दिवस तुमाला, तीन दिवस मला. बाटल्या सारख्या टाकल्या, दादा. मंग रंग सारखा कसा यील? तुमचा ऊस रस्त्यावर पानी सोडतो, अन् माझी झाडं जळत्यात."

"पान्याचं तूच बोललास," आप्पासाहेब म्हणाला. "ह्याच मामांच्या म्होरं. जमिनीवर हात आपटून. सारखं म्हंजी सारखं."

"बोललो. मला माप ठावं नव्हतं. पन तुमाला ठावं हुतं ना? आत्ता कसं धडाधडा सांगितलं! त्या दिशी का न्हाई सांगितलं? त्या दिशी तुमी हासला. धाकट्या भावाला खड्ड्यात पाऊल टाकताना बघून हासला तुमी!"

"तू मागितलं त्येच मी दिलं."

हे वाक्य आदिनाथच्या कानशिलावर बसलं. कारण ते खरं होतं. त्याला वाटलं, समोरच्या तोंडावर हातातला ब्रश फिरवावा, मग ह्या भिंतीला आग लावावी, आणि उद्या पाहुण्यांसमोर उभं राहून सगळं ओकून टाकावं.

मामा मध्ये पडले. "आदिनाथ, लगनाच्या तोंडावर पान्याचं काढू नको. मागून बसू आपन."

"मागून म्हंजी झाडं मेल्यावर ना, मामा?"

मामांनी नजर चुकवली. आदिनाथनं दाराकडं बघितलं. रोहिणी चौकट घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ती चुलत्याला गप्प बस म्हणत नव्हती. तसं तिनं म्हटलं असतं तर त्यानं रंगवणं तिथंच सोडून दिलं असतं. तो वळला, गाडीवर बसला आणि तिसऱ्यांदा घोडेगावला गेला.

ह्या वेळी एका बादलीत दोन पिवळ्या आणि एक निळी पडली. आदिनाथनं आणि धनश्रीनं मिळून, एकमेकांशी एक शब्द न बोलता, भिंतीला जाडजूड हात दिला. हिरवं आणि पिवळं सगळं त्याखाली गाडलं. रविवारी सकाळी तो बाहेर येऊन बघतो, तर कालची हद्द सापडेना. डोळे बारीक करून, बोट फिरवून शोधली तरी सापडेना. दोन बादल्यांतला चार-दोनचा रंग आणि एका बादलीतला दोन-एकचा रंग, दोन्ही अगदी एक. एवढं स्वच्छ, एवढं सोपं होतं ते. अशाच सोप्या गोष्टीत आपण इतकी वर्षं फसलो, ह्याची त्याला किळस आली.

पाहुणे आले. मुलाचे वडील आबासाहेब अंगानं आडवे, बोलायला मोकळे, हाडाचे शेतकरी. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी भिंतीवरून डोळा फिरवला. "भित बघूनच कळतं. घर एकजीव हाय," म्हणाले. मामा खुलले. पोहे झाले, रोहिणीला बघून झालं, मुलामुलीचं दोन शब्द बोलून झालं. पसंती बाहेर पडली. मग आबासाहेब धोतराचा सोगा सावरत उठले. "चला, रान दावा की. मुलगी कुठल्या मातीतली हाय त्ये बघू द्या."

रान बघायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. आप्पासाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं, पण नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे निघाले. विहिरीपाशी खाली उसाच्या पट्ट्यात पाणी डबडबलेलं, बांधावरून रस्त्याकडं ओघळ लागलेला. आबासाहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी वर बघितलं. माळावरची बाग भर उन्हात मान टाकून उभी होती.

"अन् ती मोसंबी कुनाची?"

आप्पासाहेब घाईघाईनं पुढं झाला. "आमचीच की. एकत्रच हाय समदं."

"तुमचीच?" आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "एका घरातलं रान, अन् ऊस पानी वकतोय, बाग वाळतीय? ह्ये कसं काय बुवा?"

मामा खोकायला लागले. आप्पासाहेब आदिनाथकडं बघायला लागला. उभ्या जन्मात त्यानं धाकट्याकडं असं बघितलं नव्हतं. खरं बोलायला आदिनाथला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर होतंही. ते बाहेर पडलं असतं तर भावाचं नाक कापलं गेलं असतं, आणि रोहिणीचं ठरलेलं लग्नही तिथंच मोडलं असतं.

"दादांनी ह्या वर्साला नवीन ठरवलंय," आदिनाथ म्हणाला. प्रत्येक शब्द तो भावाच्या तोंडावर नजर रोखून बोलत होता. "दोन एकराला दोन दिवस. चार एकराला चार दिवस. आत्तापास्नंच. व्हय ना, दादा?"

आप्पासाहेबाचा जबडा आवळला गेला. पाहुणे त्याच्याकडं बघत होते.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग वाट कुनाची बघताय?" आबासाहेब अधीरपणानं म्हणाले. "सोडा की पानी. लाईट हाय तवर सोडा. झाडं बघवत न्हाईत मला."

पाणी वळवायचा कॉक उसाच्या चिखलात होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कोऱ्या चपला हातात घेऊन आप्पासाहेब त्या चिखलात उतरला, घोट्यापर्यंत रुतला, आणि दोन्ही हातांनी कॉक फिरवला. माळाकडं गेलेला नळ गुरगुरला. वर येताना आप्पासाहेब आदिनाथच्या अगदी जवळून गेला आणि दातओठ खात पुटपुटला, "पाहुनं जाऊ दे."

"जाऊ द्या," आदिनाथही तितक्याच हळू म्हणाला. "साखरपुड्याला येतील. लगनाला येतील. दिवाळसनाला येतील. आल्यावर बाग बघतीलच."

पाहुणे गेल्यावर आदिनाथ बागेत गेला. धनश्री आधीच तिथं होती. अनवाणी, साडी खोचलेली, फावडं घेऊन ती दांडातली माती ओढत पाणी पुढं पुढं नेत होती. भेगाळलेली जमीन पाणी पिताना फसफसत होती. मधल्या अंगाच्या झाडांपर्यंत पाणी पोचलं, मग पुढं सरकत वरच्या अंगालाही गेलं. आदिनाथनं वरच्या ओळीतल्या एका झाडाची फांदी वाकवली. ती वाकली नाही, काटकन मोडली. दुसऱ्याची मोडली. तिसऱ्याचीही. ती सगळी ओळ आणि तिच्या खालची निम्मी ओळ सरपण झाली होती. पाणी त्यांच्या बुडाशी साचून उभं होतं.

सकाळी भाऊ चिखलात उतरला तेव्हा वाटलं होतं, राग निवेल. तो निवला नव्हता.

"हासला त्यो तवा," तो म्हणाला. "त्याला ठावं हुतं. मला मागताच आलं न्हाई. मी सारखं मागून बसलो."

धनश्रीनं फावडं जमिनीत रोवलं आणि त्याच्याकडं वळली.

"त्या दिशी मी आतच हुते. दाराआड," ती म्हणाली. "तुमी जमिनीवर थाप मारायच्या आधी एकडाव आत यून मला का न्हाई इचारलं?"

आदिनाथ मोडलेली फांदी हातात घेऊन उभा राहिला. मग फावडं उपसून तिनं जळालेल्या ओळीचं पाणी बंद केलं आणि जिवंत झाडांकडं वळवलं.